साडीत पिस्तूल कुठं ठेवायचं

१५ जून २०१५, सोमवार

आज पुन्हा फोन. कचेरीतल्या टेबलावरच्या फोनवर, ऐन जेवायच्या सुट्टीत. आवाज अगदी सभ्य. "मेडम, तुम्ही हूटगळ्ळीवरनं स्कूटरनं येता, अल्वा? रोड सरी इल्ला, चांगला नाही. जपून या." एवढंच. ठेवला.

म्हैसूरजवळच्या येलवालच्या गोदावरीबाईंच्या जागेचं प्रकरण. खऱ्या गोदावरीबाई सत्तरीच्या, एका डोळ्यात मोतीबिंदू. माझ्यापुढं सहीला जिला आणून बसवली ती फार तर चाळिशीची, आणि नवऱ्याचं नाव विचारलं तर शेजारच्या माणसाकडे बघायला लागली! मी खरेदीखत नोंदवलं नाही. सब-रजिस्ट्रारनं हेच करायचं असतं, यात शौर्य कसलं. पण फोन ठेवल्यावर डबा तसाच बंद केला. घाबरले आहे मी. इथं लिहायला काय हरकत आहे.

१६ जून

घरी सांगितलं. चूक केली.

आमचे हे, म्हणजे अंबाजीराव, विमा कंपनीत हेडक्लार्क. म्हणाले, उद्यापासून मी सोडायला येतो. मी म्हटलं, बेडा, नको! एलकेजीच्या पोरासारखं नवरा सोडायला, नवरा न्यायला, सगळी कचेरी हसेल. तर म्हणाले, मग पिस्तूल घ्यायचं.

यांचे पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते. हॉलमध्ये तलवार टांगली आहे. झुरळ निघालं की मात्र हे खुर्चीवर उभे आणि मी चप्पल घेऊन खाली.

१० ऑगस्ट

लायसन्स आलं. फोनची तक्रार नोंदवलेली होती, म्हणून लवकर आलं म्हणे. लायसन्स माझ्या नावावर, म्हैसूरपाक वाटला यांनी.

१२ ऑगस्ट

दुकानात गेलो. मालक हयग्रीव, कपाळाला ठसठशीत नाम. काउंटरवर मखमल पसरून एकेक नग असा मांडला की मला वाटलं आता पदर उलगडून दाखवणार. विचारलं, रोजच्या वापराला हवं का कधीमधी? मी म्हटलं, रोज. स्कूटरवर. कुणाला दिसता कामा नये. मग त्यानं विचारलं, मेडम अंगात काय घालतात? म्हटलं, साडीच. तीस वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न कधी आलाच नव्हता त्याच्यापुढं!

यांचं मन बसलं सगळ्यात मोठ्या नगावर. पाऊण किलोचं धूड, लांब नळीचं. हातात घेऊन आरशासमोर उभे राहिले. पोट आत घेतलं. मी पिस्तूल पिस्तूल म्हणत होते, हयग्रीव दर वेळी "रिव्हॉल्व्हर" अशी दुरुस्ती करत होता. शेवटी त्यानं एक छोटं काढलं, बायकांसाठीच केलेलं म्हणे, अर्धा किलोचं, आत मऊ अस्तराची मरून डबी. बांगड्या ठेवतात तसली. हे नाराज. पण रोज बाळगणार मी आहे. तेच घेतलं.

१६ ऑगस्ट, रविवार

आज सगळा दिवस तालीम. ठेवायचं कुठं?

कमरेला निऱ्यांशेजारी खोचलं. चार पावलांत निऱ्या पायात. परकराला खिसा शिवला, तर चालताना ते गुडघ्यावर ठोकर मारतं. पदराखाली पिनांनी टांगून पाहिलं, पिनच वाकली. शेवटी पर्स. हे समोर घड्याळ घेऊन बसले, म्हणाले, मी गुंड आहे, काढ! आधी किल्ल्या आल्या. मग बामची बाटली, मग चित्रान्नाचा डबा, मग चष्मा. मग रिव्हॉल्व्हर. एक्केचाळीस सेकंद! हे म्हणाले, तोवर गुंड चित्रान्न खाऊन जाईल.

सासूबाईंनी जुन्या जरीकाठाचा वेगळा कप्पा शिवून दिला पर्सला. आता चार सेकंद. या घराण्यात कामाचं डोकं एकाच माणसाला आहे.

३० ऑगस्ट

नेमबाजीचा सराव. दहा गोळ्या, पाटीला एकही नाही. शिकवणारा मास्तर फार भला. म्हणाला, मेडम, डोळे उघडे ठेवले तर फरक पडतो.

१४ सप्टेंबर

एक काळी मोटरसायकल. हूटगळ्ळीच्या सिग्नलपासून मागं. मी हळू केली की तीही हळू. काळं जर्किन, काळ्या काचेचं हेल्मेट. नंबराच्या पाटीवर चिखल. कचेरीच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि वळून गेली.

१५ सप्टेंबर

आजही.

१८ सप्टेंबर

आजही. घरी सांगायचं नाही असं ठरवलं. हे ऐकतील तर तडक बदलीचा अर्ज लिहायला बसतील, आणि माझ्या खुर्चीवर जो येईल तो सही करून मोकळा होईल. गोदावरीबाईंना त्या जागेशिवाय दुसरं काही नाही. पोलिसांत जाऊन तरी काय सांगू, नंबरच दिसत नाही.

रात्री झोप नाही. हे मात्र घोरतात. रागच येतो! बायकोमागं माणूस लागला आहे आणि याला पत्ता नाही.

२२ ऑक्टोबर, आयुधपूजा

तलवार, विळी, सासूबाईंचं शिवणयंत्र, माझी स्कूटर, सगळ्यांना गंध-फूल. मी आंघोळीला गेले तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या रिव्हॉल्व्हरला पंचामृताचा अभिषेक केला! दूध, दही, तूप, मध, साखर, साग्रसंगीत. यांनी गोळ्या काढून दिल्या, वर मंत्रही म्हटला. मी ओरडले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पैल्यांदा घरात आलंय, अंघोळ नको?" नळीत झेंडूचं फूल. पुजलेल्या आयुधाला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, म्हणून पुसताही येईना.

२३ ऑक्टोबर

यांनी पंच्यानं कोरडं करून, गोळ्या भरून दिलं. चकचकीत आहे. कोहळा फोडून स्कूटरची दृष्टही काढली.

२ नोव्हेंबर

पर्समध्ये मुंग्या. रोज झटकते, रोज येतात. डब्यात गोड नेणं बंद केलं.

गोदावरीबाईंची जागा लाटणारे आज पुन्हा कागद घेऊन आले. या वेळी बाई जरा म्हातारी शोधून आणली होती! पुन्हा परत पाठवले. जाताना त्यातला एक हसून म्हणाला, "सरी मेडम. रस्त्यातच भेटू." पर्सवर हात ठेवून बसले संध्याकाळपर्यंत.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

सकाळी नव्या लेआउटच्या रस्त्यानं गेले, मुख्य रस्ता खणलाय. दोन्हीकडं रिकामे प्लॉट, माणूस नाही. काळी मोटरसायकल मागंच. आणि माझी स्कूटर बंद पडली. किक मारते, मारते, काही नाही. ती मोटरसायकल पळत नाही, पुढं जात नाही. थांबली. माणूस उतरला, सरळ माझ्याकडं चालत आला, जर्किनमध्ये हात घातला.

मी काढलं. चार सेकंदही लागले नसतील. दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर धरलं. डोळे उघडे होते. माणूस जागच्या जागी थांबला. हात बाहेर काढला, हातात मोबाइल. दुसऱ्या हातानं हेल्मेट काढलं.

हे होते!

"मी आहे गं, वनजा," म्हणाले. "मेकॅनिकला फोन करत होतो."

सप्टेंबरपासून रोज. यांच्या कचेरीतल्या मित्राची, शंभूरावची, मोटरसायकल मागून घेऊन, अर्ध्या तासाची परवानगी काढून. सोडायला यायचं नाही म्हणाली होतीस ना, म्हणून मागून, म्हणाले. हातात काय होतं, विचारलं मी. काही नाही म्हणाले. कुणी आलंच असतं तर काय केलं असतंत? थोडा विचार करून म्हणाले, मध्ये आलो असतो.

तिथंच रस्त्याच्या कडेला बसून रडले. झुरळाला भिणारा माणूस.

९ नोव्हेंबर

रिव्हॉल्व्हर परत द्यायला दोघं गेलो. हयग्रीवनं उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. आत मध-साखर सुकून दगड, वर मेलेल्या मुंग्या. म्हणाला, ट्रिगर हललाच नसता मेडम, बरं झालं कधी ओढायची वेळ आली नाही. हे हसले. मीही हसले.

मी ओढला होता. दोनदा.