मगनचा हात

पहूर, कार्तिक, १९९१

प्रिय भाऊ,

हे पत्र टाकणार नाही, म्हणून खरे लिहितो. कपाशीवर फवारायच्या औषधाचा मेंदूवर काय परिणाम होतो, हे तपासायला तू गावात आलास. मगनचा थरथरता हात किती वेळ धरून बसलास! झोप लागते का, नावे विसरतोस का, सगळे विचारलेस. तो अजून चिडवतो, “तुना भाऊ आते मना भाऊ शे!” तुझा भाऊ आता त्याचा झाला म्हणे. माझा जळफळाट होतो. त्याच्या शेजारच्याच ओळीत मीही पंप घेऊन फवारतो. मी हात पुढे केला, तर तू हसलास, “घरचा माणूस अभ्यासात चालत नाही रे.”

अभ्यासाबाहेर तरी धरायचास. सांडू नये म्हणून आई हल्ली माझा चहाचा कप अर्धाच भरते.

तुझा धाकटा,
जीवराम