चेहरा जुळला नाही

१२ एप्रिल
रोजनिशी लिहायची म्हणून वही घेतली त्याला महिना झाला. लिहिलं काही नाही, कव्हरवरच्या फोटोला नुसत्या मिशा काढल्या. आज बसलोच. तिसगावात नवं काम लागलंय, अजिनाथशेठच्या जुन्या मोबाईलच्या दुकानात. राहुरीचं उसाच्या वजनकाट्यावरचं काम सोडलं, इथं निदान पंखा आहे. गिऱ्हाईक म्हणजे येड्यांचा बाजार. फुटका फोन पुसून कव्हर चढवलं की म्हणतात, नवाच दिसतोय. म्हाताऱ्या बैलालाही झूल घातली की... शेजारची भजी मात्र झकास.

१५ एप्रिल
महेंद्र नावाचा एकजण धाकट्या भावाचा फोन विकून गेला. भाऊ अमृत, कपडे अन् फोन काठावर ठेवून विहिरीत पोहायला उतरला, मेलाच. तिसऱ्या दिवशी फोन बाजारात. काय एकेक माणसं! फोनला चेहऱ्याचं लॉक. शेठ म्हणाला, नगरला तोडून आणू. कॅमेरा भारी, म्हणून मी खिशातच ठेवला. समोर धरला की लिहून येतं, चेहरा जुळला नाही. तुझा मालक कुठला एवढा देखणा होता रे?

२२ एप्रिल
आज अमृतचा दहावा. महेंद्र अर्धं डोकं भादरलेला, नदीवरून थेट गाडीवर आला. पिंडाला कावळा शिवेना. बहिणीचं लग्न, वाटणी, सगळं कबूल करून झालं. आता आई म्हणते फोन आणा. मेलेल्याला फोन, अन् वसुलीला कावळा! मी सांगितलं, विकला. माझ्या खिशातच होता.

संध्याकाळी गुळगुळीत डोक्यानं परत आला. म्हणाला, शिवला. आईला माझी थाप पटलीच नव्हती. पिंडापुढं हात जोडून ती म्हणाली, “तुजा फोन तिसगावच्या दुकानात हाय बाळा. तुजा तूच जाऊन घे.” बोलणं संपायच्या आत कावळा खाली. अडाणी कुठले.

२३ एप्रिल
शटर उघडलं तर दारातली फरशी ओली. शेठ म्हणाला, कूलर गळत असेल. दुकानात कूलर नाही.

२४ एप्रिल
ओल आज माझ्या खुर्चीपर्यंत. शेवाळाचा वास. फोन घेऊन महेंद्रच्या घरी गेलो. हात लावीना. म्हणतो, आईनं ज्याला सांगितलंय त्यालाच दे.

२५ एप्रिल, दुपार
शेठ जेवायला गेलाय. दाराकडं पाठ करून लिहितोय. फोन समोर, डब्याला टेकवून उभा. मघाशी धरला, चेहरा जुळला नाही —

मागं पाणी टपकतंय.

कुणीतरी आलंय. काय पाहिजे विचारलं. टपटप जवळ येतेय —

फोन उघडला. मी हात लावला नाही. फोनसमोर मी, अन् माझ्या खांद्यावरून —