पाचवा नमुना

३ मार्च, शुक्रवार. संध्याकाळ.

साडूने अखेर गुडघे टेकले. फोन करून म्हणाला, दादा, रविवारपासून आमच्या टेस्टिंग पॅनलवर या. मी थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं आणि हो म्हटलं.

हे होणारच होतं. गृहस्थ बँकेतली चांगली नोकरी सोडून बंद पडलेल्या लाँड्रीत बीअर बनवत बसलाय. तीही काळी. चार प्रकारची काळी बीअर तयार आहे, त्यातली एकच बाटलीत भरायची, आणि कुठली ते ठरवायची अक्कल नाही. इथे पारख लागते. मी सत्तावीस वर्षं दुकानांच्या पाट्यांचे अर्ज तपासतोय. आजवर एकही अर्ज पहिल्या फेरीत मंजूर केलेला नाही. ऑफिसात मला मागून ‘नामंजूर’ म्हणतात. आदर आहे तो.

आमच्या घरात अकरा वर्षं एकच पालुपद. फ्रीज घ्यायचाय, त्याला विचारू. मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं, त्याला विचारू. ‘तो’ म्हणजे साडू. आता तो मला विचारणार. एकदा तरी या घराण्यात माझा शब्द चालला पाहिजे, बाकी काही नको.

बायकोला बातमी दिली. बरं झालं, म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली. आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. दाखवत नसेल.

संकल्प: उगाच कुणाला चांगलं म्हणायचं नाही.

५ मार्च, रविवार. दुपारी दोन.

पहिलं टेस्टिंग. लाँड्रीच्या भिंतीवर इस्त्रीच्या प्लगांची रांग अजून तशीच. बीअरच्या टाक्या आहेत तिथे पूर्वी चादरी भिजत असणार. चवीवरून अजूनही भिजत असाव्यात.

पॅनलवर साडू, मेव्हणी, मी आणि वरच्या मजल्यावरचा डेंटिस्ट. हा डेंटिस्ट प्रत्येक नमुन्यानंतर खिशातून पुदिन्याच्या माउथवॉशची बाटली काढतो आणि चूळ भरतो. बीअर चाखायला माउथवॉश! पण जागा त्याच्या मालकीची, म्हणून साडू गप्प.

टेबलाच्या मधोमध स्टीलचा एक जग. ग्लासात उरलेली बीअर सगळे त्यात ओततात, डेंटिस्ट चूळही त्यातच टाकतो. किळसवाणा प्रकार. मी ग्लास तळापर्यंत संपवतो. टाकून देणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

नंबर एक: करपलेला टोस्ट. नंबर दोन: दौतीतली शाई. नंबर तीन: ओला पुठ्ठा. नंबर चार: शब्द नाहीत, आणि शोधायची इच्छाही नाही. चारही नामंजूर. मेव्हणीला म्हणे दोन नंबरमध्ये कॉफी लागली आणि मागून चॉकलेट. चॉकलेट हवं असेल तर दुकानात जावं.

डोकं दुखतंय. बीअरचा दोष.

८ मार्च, बुधवार. सकाळी.

शेजारच्या टेबलवाल्याला सांगितलं की मी आता ब्रुअरीचा मुख्य परीक्षक आहे. मुख्य असं कुणी म्हणालेलं नाही, पण बाकीच्यांकडे बघता दुसरं कोण असणार? तो म्हणाला, म्हणजे तिथेही नामंजूरच का? अख्खा विभाग हसला. हसोत.

गुणपत्रिका तयार केली. चौदा रकाने. साडूकडे आत्तापर्यंत वहीचं फाटकं पान होतं.

संकल्प: जीभ स्वच्छ ठेवायची. रविवारपर्यंत चहा बंद.

साडेचार वाजता.

चहा घेतला. ऑफिसच्या चहाला चव नसते, तेव्हा तो धरायचा नाही.

१२ मार्च, रविवार. दुपारी तीन.

संताप. थंड खोलीतला पाइप गळतोय म्हणून प्लंबर आला होता. साडूने माणुसकीने त्याच्यापुढे तीन नंबरचा ग्लास ठेवला. त्याने एक घोट घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाला, साहेब, उतू गेलेल्या दुधाचा वास येतोय, टाकीच्या तोटीत काहीतरी अडकलं असेल. लगेच सगळे आपापले ग्लास हुंगायला लागले. हो की, हो की! साडूने तोटी उघडली तर आत खरंच जुनी घाण. झालं. प्लंबरला जागच्या जागी पॅनलवर घेतलं, तेही माझ्या शेजारच्या खुर्चीत.

उद्या मला नळ दुरुस्त करायला बोलावतील.

माझ्या गुणपत्रिकेत तीन नंबरपुढे ‘वास: निर्दोष’ असं होतं. घाईत लिहिलं होतं. कागद खिशात घातला.

१६ मार्च, गुरुवार.

रविवारी अंतिम निवड. तीन दिवस फक्त उकडलेले बटाटे, बिनमिठाचे. बायको म्हणाली, अहो, परीक्षा बीअरची आहे, तुमची नाही. हिला काय कळणार. प्लंबर नाकाने जिंकला, मी जिभेने जिंकणार.

१९ मार्च, रविवार. संध्याकाळी सहा.

आजचा दिवस लक्षात राहील.

गुणपत्रिकेच्या प्रती काढायला गेलो तर झेरॉक्सवाल्याचं मशीन बिघडलेलं. दुसरा शोधेपर्यंत पाऊण तास उशीर. पोहोचलो तेव्हा सगळ्यांचं चाखून झालेलं होतं आणि सगळे थंड खोलीत जमले होते. पाइप पुन्हा फुटला होता आणि प्लंबरमहाशय त्याच्याशी झोंबत होते. तो स्टीलचा जग गळतीखाली ठेवलेला. योग्य जागी गेला एकदाचा.

टेबलाशी मी एकटा. उत्तम. एक ते चार नंबर घेतले. चारही पुन्हा नामंजूर, कारणांसह. आणि मग लक्ष गेलं. मधोमध काचेचा एक देखणा जग, अर्धा भरलेला. नंबर नाही, चिठ्ठी नाही. म्हणजे पाचवा नमुना! साडूने जाणूनबुजून उघडा ठेवलेला. मला गाफील पकडायला.

ओतून घेतली. फेस नाही, म्हणजे दिखाऊपणा नाही. पहिला घोट घेतला आणि हातातलं पेन खाली ठेवलं. काय सांगू! त्या चारांत जे जे कच्चं, कडू, एकांगी होतं ते इथे एकमेकांना सांभाळून घेत होतं. आणि गिळल्यानंतर शेवटी, अगदी शेवटी, एक थंडगार हिरवी झुळूक. इतकी नाजूक की दुसऱ्या कुणाला कळलीच नसती. दुसरा ग्लास घेतला. मग तिसरा.

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा पहिल्या फेरीत ‘मंजूर’ लिहिलं.

सगळे बाहेर आल्यावर उभा राहून जाहीर केलं की पाचवा नमुनाच बाटलीत जाईल, बाकी चार गटारात घाला. साडूने विचारलं, पाचवा कुठला? मी काचेच्या जगकडे बोट दाखवलं. मेव्हणीने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. प्लंबर आपल्या पिशवीत पाना शोधू लागला, पाना त्याच्या हातातच होता. डेंटिस्ट पहिल्यांदा माझ्याकडे जरा घाबरून बघत होता.

यालाच दरारा म्हणतात.

२१ मार्च, मंगळवार.

शिफारसपत्र लिहिलं. तीन पानं. ‘हिरवी झुळूक’ यावर स्वतंत्र परिच्छेद. साडूला कृती मागितली तर म्हणतो, दादा, भेटून शांतपणे बोलू. लपवतोय. श्रेय द्यायचं जिवावर आलंय.

२२ मार्च, बुधवार. सकाळी नऊ.

कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं: पाचवा नमुना नाहीतर मी नाही. पाठोपाठ तीन पानांचे फोटो. मुलीने हसून डोळ्यांत पाणी आलेलं तोंड टाकलं. हल्लीची पिढी भावना अशाच दाखवते.

२३ मार्च, गुरुवार. संध्याकाळी.

बायकोने सांगितलं. भांडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता. अहो, तो नमुना नव्हता. स्टीलचा जग गळतीखाली लावला म्हणून उरलेलं सगळं त्या काचेच्या जगमध्ये ओतत होते. डॉक्टरांनी चार वेळा चूळ टाकली होती त्यात.

मी विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? रविवारपासून, म्हणाली. साडूनेच तिला गळ घातली होती, की तूच सांग, माझ्याच्याने होणार नाही, त्यांना फार लागेल.

मग मी विचारू नये ते विचारलं. मला पॅनलवर घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलं? ती ताटली पुसतच राहिली. शेवटी म्हणाली, मीच म्हटलं होतं त्याला. रविवारी घरात बसून तुम्ही आम्हाला नामंजूर करत असता.

जेवलो नाही. लाज वाटली. बटाट्यांचीसुद्धा.

२४ मार्च, शुक्रवार.

तीन दुकानांच्या पाट्या नामंजूर केल्या. बरं वाटलं नाही.

संकल्प: त्या लाँड्रीची पायरी पुन्हा चढायची नाही. दारूचा थेंब नाही. ग्रुप सोडायचा.

रात्री आठ.

ग्रुप सोडला. बायकोने परत घेतलं.

२ एप्रिल, रविवार. दुपारी चार.

गुणपत्रिका लावायचं माझं पॅड तिथे राहिलं होतं. चांगलं पॅड आहे, म्हणून गेलो. मुद्दाम सगळे उठून गेल्यावर. माझ्या गोंधळात लांबलेली निवड मागच्या रविवारी झाली, दोन नंबर निवडली गेली म्हणे. माझ्या खुर्चीवर प्लंबरचा रुमाल होता.

मेव्हणी टेबल पुसत होती. माझ्याकडे बघून हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, भावोजी, आलाच आहात तर तेवढा जग विसळून द्याल का? तोच, काचेचा. अर्धा भरलेला. मी नळाशी नेला. कुणी बघत नव्हतं. आधी एक घोट घेतला.

मागच्या वेळची सर नाही. जड वाटली, आणि शेवटी ती झुळूक आलीच नाही. मी मेव्हणीला विचारलं, आज डेंटिस्ट आले नव्हते का?

ती पुसायची थांबली. म्हणाली, नाही, गावाला गेलेत. तुम्हाला कसं कळलं?

मी जग धुतला. थंड खोलीतला पाइप अजून गळतोय.