पडदा धरून सांगितलेलं

ता. ३ जून

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

फोनवर तू नुसतं हो-हो करून ठेवून देतेस, म्हणून पत्रच लिहायला बसले. इकडे सगळं ठीक. तुझ्या बाबांचा गुडघा मात्र पुन्हा कुरकुरतोय. जिना उतरताना असा चेहरा करतात की परवा शेजारीण हात धरायला धावली. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर आपली लेक डॉक्टर आहे, हेच पालुपद. तेव्हा बाई, काय करायचं ते सविस्तर लिही. तुझ्या अक्षरात असलं की ऐकतील.

जेवतेस ना वेळेवर? तुम्ही लोकांना जगवता आणि स्वतः चहावर जगता.

आहे तो लोभ वाढता ठेव.
तुझी,
आई

ता. क. जिना चढताना हल्ली माझ्या खालच्या दाढा धरतात, जबडा भरून येतो. बसलं की थांबतं. दाताच्या डॉक्टरांना दाखवू का? घाई नाही.

ता. १० जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कॅज्युअल्टीतच, दोन पेशंटच्या मध्ये वाचलं. बाबांना सांग, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, थोडा वेळ तसाच धरायचा, मग सावकाश खाली. सकाळ-संध्याकाळ. उतरताना कठडा धरायचा, त्यात कमीपणा नाही. दुखण्याची गोळी उपाशीपोटी नको. सूज आली तर एक्स-रे काढा, आणि माझ्या नावावर टाळाटाळ बंद.

आई, पुढचं तुला लिहू नये, पण दुसऱ्या कोणाला लिहू? मागच्या आठवड्यात एक ट्रकचालक आला, पोटात जळजळतंय म्हणून. मी तपासलं, औषध दिलं, घरी जा म्हणाले. निघताना पडदा हातात धरून तो म्हणाला की सकाळपासून डावा हात जड वाटतोय. मी तोवर पुढच्या पेशंटला हाक मारली होती. ऐकलं, आणि सोडून दिलं. संध्याकाळी त्याला आणलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याची बायको मी दिलेल्या गोळ्यांची पाकिटं पुढे करून विचारत होती की एखादी द्यायची राहिली का.

आमच्या मॅडम रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, माणूस ज्याला घाबरतो ते शेवटी सांगतो, निघता निघता, काही विशेष नसल्यासारखं. तो पडद्याबाहेर जाईपर्यंत आपलं मत पक्कं करायचं नाही. आता मी प्रत्येकाला पडद्यापाशी थांबवून विचारते. सिस्टर हसतात. मला हसू येत नाही.

बोलावणं आलंय. बाबांना नमस्कार. माया कमी करू नकोस.
तुझी,
भिंगरी

ता. २९ जून

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

नीट पोचलीस हे कळलं. इथे होतीस तेवढे दिवस तू रडली नाहीस, माझ्याजवळ बसून नुसती जिन्याकडे बघत राहिलीस. म्हणून तोंडाने बोलता आलं नाही, ते लिहितो.

दाढांचं मला ठाऊक होतं. मी तिला डॉक्टरकडे चल म्हटलंही होतं. ती म्हणाली, लेकीला लिहिलंय. तुझं उत्तर आलं तेव्हा मला मोठ्याने वाचून दाखवलं. ट्रकवाल्याचं वाचताना तिचे डोळे भरले, म्हणाली, पोरीवर केवढं ओझं टाकलंय. मग पानं उलटसुलट करून पाहिली. दाढांचं काहीच नव्हतं. ती निश्चिंत झाली. एवढं बारकाईने लिहिणारी मुलगी, काही असतं तर लिहिलं नसतं का, म्हणाली. त्यानंतर कुठे दाखवायचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. पुढच्याच आठवड्यात ती जिन्यात बसली ती उठलीच नाही.

तुझी मावशी खोदून खोदून विचारते, तिने मुलीला काही कळवलं होतं का. मी सांगून टाकलंय की कळवलं होतं, पण ते पत्र तुला पोचलंच नाही. पोस्टाचा काय भरवसा. तूही हेच सांग. पुढे कधी मीच विचारलं, तर मलाही हेच सांग.

माझा गुडघा आता बराच बरा आहे. तू लिहिलेला व्यायाम सकाळ-संध्याकाळ करतो.

जेवत जा. या म्हाताऱ्यावर लोभ असू दे.
तुझे,
बाबा