सोमवारचं वरण

पिपरी मेघे,
१२ जानेवारी २००१

सूनबाई ज्योत्स्नाले सासूचा आशीर्वाद.

आष्टीहून, तुह्या माहेराहून, बाळंतपणाचा फोन आला, तवापासून सारे म्हणतात, सुमित्राबाईच्या उपासाले फळ आलं. मी पेढे वाटत राहिली.

नातवंडासाठी मी सोमवार-गुरुवार धरले अन् चहा-साबुदाण्यावर पायाच्या काड्या करून घेतल्या. हळदीकुंकवात खाली बसली, तर दोघींनी बखोटीले धरून उठवलं. घरी आल्यावर तू म्हणाली, "आई, लेकरू आलं तर उचलन कोण?"

मंग तू दार लावून सोमवारीबी वाटीभर घट्ट वरण अन् उकडलेले चणे खाऊ घातले. खुर्चीवरून हात न टेकवता दहा-दहा वेळा उठवलं. मी तुले कैदाशीण म्हटलं, ते माफ करजो. लेकरू कोणाच्या पुण्याईनं आलं, मले ठावं नाई. पाय मात्र तूच दिले.

हे पत्र धाडत नाई. तुह्या माहेरी पत्र मोठ्यानं वाचतात, अन् तुही माय माह्या उपासाले हात जोडते.

बाळ तीन किलोचं हाये ना? काल तेवढ्या ज्वारीचं गाठोडं मी जमिनीवरून एकटीनं उचललं.

घरी आली का बाळाले चटईवर ठेवजो. कोणी माह्या हाती देऊ नका.

तुही सासू,
सुमित्रा