बोहनीचं गिऱ्हाईक

आयुषी बेटा,

साडेसातच्या गाडीने धुळ्याला बँकेत जातोय. तोंडावर बोलायला जीभ उचलत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

ब्लँकेटांच्या त्या खोट्या ऑर्डरीत गेलेले पैसे परत मिळताहेत. फक्त काय घडलं ते लिहून सही करायची आहे. तीन महिने खेटे घालून थकलोय, आता खरं तेच लिहून देतो.

त्या सकाळी दुकान उघडून अगरबत्तीही लावली नव्हती, तेवढ्यात फोन आला. पन्नास ब्लँकेटं हवीत, आगाऊ पैसे पाठवतो, पिन टाका म्हणाला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे तू मला दोनदा सांगितलं होतंस. पण बोहनीच्या गिऱ्हाइकाला मी आजवर कधी नाही म्हटलेलं नाही. पिन मीच टाकला.

तू लगेच सायबरवाल्यांच्या १९३० नंबरला फोन लावलास, म्हणून पैसे त्याच्या खात्यातच अडकले. तक्रार तुझ्या नावाने झाली आणि सगळ्यांनी धरलं, फसली ती सूनच. मननने दुकानाचा फोन तुझ्याकडून काढून घेतला, तुझं गल्ल्यावर बसणं बंद झालं. मी समोरच होतो आणि गप्प बसलो. तूही मला उघडं पाडलं नाहीस.

मनन स्टँडवर सोडायला येतोय, वाटेत त्याला सांगतो. चिडेल. चिडू दे, तू मध्ये पडू नकोस.

मम्मीजींची गोळी नऊला दे. फोन आणि दुकानाच्या किल्ल्या इथेच ठेवल्यात. आजची बोहनी तू कर. आणि गिऱ्हाईक पटलं नाही, तर खुशाल नाही म्हण.

पप्पाजी