विकलेल्या ब्लॉगवरचा माझा फोटो

मंगळवार, संध्याकाळ. सात रस्ता, सोलापूर

चिडायचं तरी कुणावर? शेळीपालनाचा ब्लॉग विकला तेव्हा तो पुण्याचा घेणारा गोड बोलून म्हणाला होता, "नाव आणि फोटो राहू द्या, वाचकांना सवय आहे." मीही मान डोलावली. खांद्यावर करडू घेतलेला माझा तो फोटो. आता त्याच फोटोखाली हा माणूस शेळ्यांसाठी कसलीशी ताकदीची पावडर विकतोय आणि लोक शिव्या घालतायत मला. 'गरिबांना लुटतोस.' लुटतोय कोण? फोटो काढून टाक म्हटलं, तर म्हणे तो ठेवायचं करारात लिहिलंय.

आज केमहून मामांचा फोन आला. वाटलं, आता तेही झापणार.

"लोकं लई वंगाळ लिवत्यात तुला. मी भांडलो की त्यांच्यासंगं. म्हटलं, आमचा भाचा खोटं लिवणार न्हाय."

आणि ती पावडर मागवून त्यांनी सगळ्या शेळ्यांना सुरूही केलीय!

"मामा, ते मी लिहिलेलं नाही. ब्लॉग कधीच विकला मी."



"आरं, पर फोटू तुझाच हाय की. मीच काढलाय न्हवं त्यो."